मुंबई बेस, नाशिकचं घर आणि रोस्टरवरचा स्टँडबाय

ओझरच्या आसपास वाढलेल्या पोरांना विमानाचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही. एचएएलच्या विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून सुखोई उठलं की वर्गात सरांचा आवाजच पोचायचा नाही, आणि आमचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर. त्याच वेडापायी पुढे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स झालं, ए-३२० विमान उडवायची परवानगी देणारं टाइप रेटिंग झालं, नोकरी लागली, ट्रेनिंग संपवून लाइनवर, म्हणजे रोजच्या प्रवासी उड्डाणांवर आलो. पहिल्या पूर्ण महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक उघडलं तर त्यात सहा ठिकाणी ना विमान, ना गाव, नुसती तीन अक्षरं: एस-बी-वाय. स्टँडबाय. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे सुट्टीच की! मग ये नाशिकला."

तिथूनच घोळ सुरू होतो. नाशिकची बरीच मुलं-मुली आता को-पायलट म्हणून लागतायत, बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर, बहुतेकांना मुंबईचा मिळतो, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाचा मला तोच फोन येतो: स्टँडबायला घरी राहिलं तर चालेल का? एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी हे डोक्यात पक्कं करा

स्टँडबाय म्हणजे ड्यूटी. ठरलेल्या तासांत कंपनीचा फोन कधीही येऊ शकतो, आणि आला की मध्ये आणखी विश्रांती न मागता तुम्ही थेट उड्डाणासाठी हजर व्हायचं. कोणाला तरी पहाटे जुलाब लागतात, कोणाचं विमान अहमदाबादला वळवलेलं असतं आणि परत येईपर्यंत त्या क्रूचे कायद्याने ठरलेले तास संपतात, कुठे ऐनवेळी विमान बदलतं. त्या रिकाम्या खुर्चीत बसायला तुम्हाला राखून ठेवलेलं असतं.

प्रकार दोन. होम स्टँडबायला तुम्ही आपल्या मुक्कामी असता. एअरपोर्ट स्टँडबायला युनिफॉर्म चढवून, बॅग घेऊन विमानतळावरच बसायचं. ड्यूटीचे तास मोजताना दोन्हींचा हिशेब एकसारखा नसतो. तुमच्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमधलं स्टँडबायचं पान पहिल्याच आठवड्यात वाचून काढा, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. सीनियरला विचारलंत तर तो त्याच्या आधीच्या कंपनीचा नियम सांगेल.

अंतर मिनिटांत मोजा

मॅन्युअलच्या त्या पानावर एक आकडा शोधा: फोन आल्यापासून किती वेळात रिपोर्ट करायचं. प्रत्येक कंपनीचा आकडा आपला आपला, पण तो मुंबईत राहणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून काढलेला असतो. नाशिकहून मुंबई विमानतळ साधारण पावणेदोनशे किलोमीटर. रस्ता मोकळा असला तरी तीन-साडेतीन तास कुठे गेले नाहीत.

"पण आता समृद्धी झाला ना," हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. झाला. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसारा घाट बोगद्यातून पंधरा मिनिटांच्याही आत मागे पडतो. पण आमणे भिवंडी तालुक्यात आहे. पुढे भिवंडी, माजिवडा, मग ठाण्यापासून विमानतळापर्यंतचा रस्ता. तिथे कोणतीही समृद्धी कामाला येत नाही. बाइकवाल्यांना तर त्या रस्त्यावर प्रवेशच नाही.

मी हे शहाणपण फुकट शिकलेलो नाही. दुसऱ्याच महिन्यात दुपारी दोनला स्टँडबाय सुरू होणार होता. इंदिरानगरच्या घरून सकाळी साडेआठला गाडी काढली. म्हटलं, साडेबारापर्यंत खोलीवर, जेवू, आडवे होऊ. जुलै महिना, समृद्धीचा हा टप्पा तेव्हा व्हायचा होता. कसारा घाटात एक कंटेनर आडवा झाला आणि आम्ही सगळे जागच्या जागी. माकडं गाड्यांच्या टपांवर, पाऊस आडवातिडवा, आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतोय. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा मी शहापूरच्या थोडा पुढे होतो. खरं ते सांगितलं. पलीकडे काही क्षण शांतता, मग "ओके, नोटेड." नोकरी गेली नाही, पण ऑफिसात उभं राहून लेखी द्यावं लागलं. माझ्याऐवजी ज्याला उचललं तो रात्री मुक्कामी नागपूरला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. ते मला त्यानंच, दोन महिन्यांनी, जेवताना सहज सांगितलं.

तेव्हापासून माझा नियम: स्टँडबाय ज्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशीच मुंबईत. त्याच दिवशी सकाळी निघणं नाही. आदल्या संध्याकाळी निघून गाडी अडकली तर फार तर झोप कमी होते, आणि ती भरून काढायला रात्र हाताशी असते.

रेल्वेने जाणार असाल तर सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी आपल्या सगळ्यांची लाडकी. ठाण्याला किंवा दादरला उतरून पुढे जाता येतं. पण ती ऑफिसवाल्यांची गाडी आहे. पासधारकांच्या डब्यात रिझर्व्हेशनशिवाय चढून "जरा सरका" म्हणायला गेलात तर सिम्युलेटर चेकमध्ये पडल्या नसतील इतक्या शिव्या पडतील. आणि तीही आदल्या दिवशीचीच धरा.

खोली घ्या, एकट्याने नको

मुंबईत एक पलंग लागतोच. मरोळ, चकाला, जे. बी. नगर, साकीनाका या पट्ट्यात तिघा-चौघांनी मिळून फ्लॅट घेतलेले बरेच पायलट सापडतील. कोणी आपल्या ऑफला गावी, कोणी लेओव्हरवर, म्हणजे ड्यूटीमुळे बाहेरगावी मुक्कामाला. एका वेळी दोघांपेक्षा जास्त क्वचितच असतात. भाडं वाटलं जातं.

हा फ्लॅट निवडताना बाल्कनी, व्ह्यू, जिम विसरा. तीन गोष्टी बघा. झोपायच्या खोलीला जाड पडदे लावता येतील का, खाली शाळा किंवा मंगल कार्यालय नाही ना, आणि पहाटे साडेतीनला पिकअपची कॅब गेटपर्यंत येते की वॉचमनला उठवावं लागतं. माझ्या पहिल्या खोलीच्या खाली लादीपावाची बेकरी होती. वास स्वर्गीय, पण रात्री दोनला ट्रे आपटायला सुरुवात व्हायची.

आता एक नवी भानगड. नवी मुंबईचं विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून सुरू झालंय. बेस "मुंबई" लिहिलेला असला तरी कंपनी तुम्हाला कोणत्या विमानतळावर बोलावू शकते, ते खोलीचा ॲडव्हान्स देण्याआधी विचारून घ्या. मरोळहून उलव्याला पोचणं हा वेगळाच प्रवास आहे.

झोप: खरं काम हेच

नवीन माणूस स्टँडबायला काय करतो? सकाळी उठतो, चहा पितो, वेब सिरीज लावतो, फोनकडे बघतो. दुपारी जेवतो, सिरीज पुढे नेतो. संध्याकाळी सात ते पहाटे तीनचा स्टँडबाय असतो, रात्री साडेदहाला फोन येतो आणि हा सकाळी सहापासून टक्क जागा! मग मध्यरात्री रिपोर्ट, दोन सेक्टर (म्हणजे दोन उड्डाणं), आणि दुसरं लँडिंग पहाटे पाचला.

पहाटे दोन ते सहा हा काळ शरीराचा सगळ्यात मंद. आमच्या नियमांत त्याला वेगळं नावच आहे, सर्केडियन लो, आणि ड्यूटी त्यात घुसली की परवानगीचे तास कमी होतात. नियम तासांची काळजी घेतो. तुम्ही दुपारी झोपला होतात की नाही, ते त्याला कळत नाही.

म्हणून रोस्टरवर स्टँडबायची वेळ दिसली की उलटं मोजा. रात्रीचा असेल तर सकाळी मुद्दाम उशिरा उठा, दुपारी दीड ते चार अंधार करून पडा. झोप नाही लागली तरी पडून राहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत, रिंगर मोठा. पहाटे चारला सुरू होणारा असेल तर आदल्या रात्री साडेआठला दिवा बंद. जेवण सातला, हलकं. पहिले काही दिवस विचित्र वाटतं, सोसायटीतली मुलं खाली क्रिकेट खेळतायत आणि आपण अंथरुणात. सवय होते.

आणखी एक. गाढ झोपेतून फोनने उठवलं की पहिली वीस-तीस मिनिटं डोकं धुक्यात असतं. त्या वेळात गाडीची किल्ली हातात घेऊ नका आणि हिशेब करू नका. तोंड धुवा, दिवे लावा, चहा टाका.

फोन

फोन दिवसभर चार्ज, क्रू शेड्युलिंगचे सगळे नंबर सेव्ह, आणि त्यांना "डू नॉट डिस्टर्ब" मधून सूट दिलेली. हे एवढं केलं की बस. अनोळखी नंबर कर्ज विकणाऱ्याचा वाटला तरी त्या तासांत उचलायचा. अंघोळीला जाताना फोन बाथरूमच्या दारापाशी. हे लिहिताना हसू येतं, पण एकदा मिस्ड कॉल झाला की हसू जातं.

फोन आला की समोरची मुलगी भरभर बोलते, कारण तिला अजून चौघांना उठवायचंय. कागद-पेन उशाशी असू द्या आणि चार गोष्टी लिहून घ्या: रिपोर्टिंगची वेळ, कोणतं विमानतळ आणि कोणतं टर्मिनल, सेक्टर कोणते, आणि रात्रीचा मुक्काम आहे की नाही. मग जसं एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रकाला) त्याची सूचना परत म्हणून दाखवतो तसं वाचून दाखवा: "रिपोर्ट शून्य-तीन-चाळीस, टर्मिनल दोन, मुंबई-दिल्ली-मुंबई, मुक्काम नाही." ती "करेक्ट" म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. टी-वन आणि टी-टूमधली गल्लत पहाटे पावणेचारला फार महागात पडते.

ठेवल्यावर स्वतःचे तास स्वतः मोजा. सात दिवसांत ३५, वर्षात १००० तासांपलीकडे उड्डाण नाही, हे आकडे सॉफ्टवेअर बघतंच; पण सॉफ्टवेअरमध्ये कालचा उशीर भरायचा राहून गेलेला मी पाहिलाय. शंका आली तर लगेच परत फोन करा. त्यात उद्धटपणा काही नाही, लायसन्स तुमचं आहे.

आणि शरीर खरंच साथ देत नसेल, ताप असेल, झोप झालीच नसेल, तर "अनफिट" म्हणायचं. थकलेल्या पायलटने उडू नये हा नियमच आहे, त्यासाठी फटीग रिपोर्ट असतो. नवीन मुलं हे सांगायला घाबरतात. लवकर सांगा, फोन वाजायच्या आधी सांगा. म्हणजे पुढच्या माणसाला पुरेसा वेळ मिळतो. सिनेमाची तिकिटं काढलेली असताना हा शब्द वापराल तर मात्र पुढे खरं सांगतानाही कोणी ऐकणार नाही.

वाइन, कफ सिरप आणि मिसळ

आपण द्राक्षांच्या गावचे. पाहुणे आले की गंगापूर रोडला वायनरी दाखवायला न्यायचं, हा आता नाशिकचा शिष्टाचार झालाय. उड्डाणाच्या आधी बारा तास मद्य नाही, हा कायदा. पण ब्रेथ ॲनालायझरवर आकडा शून्यच यावा लागतो, आणि बारा तास झाले म्हणून तो शून्य येईलच असं नाही. शिवाय स्टँडबायला तुम्हाला उड्डाणाची वेळच ठाऊक नसते. मग बारा तास कुठून मोजणार? स्टँडबाय सुरू व्हायच्या वेळेपासून मागे मोजा, आणि मी तर आदला अख्खा दिवस सोडतो. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलात तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. घरच्यांना हे एकदा सांगून ठेवा, म्हणजे "एक घोट घे रे" असा आग्रह होत नाही.

माउथवॉश, काही कफ सिरप, होमिओपॅथीचे थेंब यांतही अल्कोहोल असतं. सर्दीच्या साध्या गोळीनं झोप येते. काकूंनी दिलेलं औषध असो की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधलं, कंपनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मिसळीबद्दल लिहायला जीव होत नाही, पण लिहितो. केबिनमधला दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, आणि वर गेल्यावर पोटातला वायू फुगतो. तर्री, मटकी, वर पापड आणि मग पस्तीस हजार फूट: पुढचे दोन तास खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेले असताना काय होतं ते मला विचारू नका. मिसळ ऑफच्या दिवशी.

बॅग दारात

बॅग आदल्या रात्री भरलेली. लायसन्स, मेडिकल, पासपोर्ट, एअरपोर्ट एन्ट्री पास, टॉर्च, चार्ज केलेला टॅब. मेडिकलवर चष्म्याची अट असेल तर दुसरा जादा चष्माही, तो विसरला तर उडता येत नाही. रोस्टरवर मुक्काम नसला तरी दोन दिवसांचे कपडे, आणि डिसेंबर-जानेवारीत स्वेटर. मुंबईच्या घामातून उचलून श्रीनगरला मुक्कामी टाकलेला मी एकटाच नाही. शर्ट इस्त्रीचा, खांद्यावरच्या पट्ट्या (एपॉलेट) लावूनच टांगलेला. डब्यात चिवडा. नाशिकचा चिवडा घेऊन गेलात की कॉकपिटमधला अनोळखी कॅप्टनही पाच मिनिटांत माणसात येतो.

फोन केव्हा येईल याचा थोडा अंदाज बांधता येतो. जून ते सप्टेंबर मुंबईच्या पावसाकडे बघा, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याकडे. संध्याकाळी मुंबईत विमानं घिरट्या घालतायत, वळवली जातायत असं दिसलं की शूज पॉलिश करून ठेवा. धुक्यातल्या लँडिंगचं प्रशिक्षण झालेलं असेल तर थंडीत तुमचा नंबर आधी लागतो.

घरच्यांना कसं सांगायचं

यातलं सगळ्यात अवघड हेच. आईला "रिझर्व्ह", "होम स्टँडबाय" असलं काही सांगू नका, घर हा शब्द आला की ती पोळ्यांची कणीक मळायला घेते. मी शेवटी असं सांगितलं: "आई, त्या दिवशी मी कामावर आहे, फक्त काम अजून आलेलं नाही." तिनं विचारलं, "मग जेवतोस कुठे?" तेव्हा कळलं की तिला पटलं.

लग्न, बारसं, मुंज यांना "नक्की येतो" म्हणू नका. तारीख कळल्याबरोबर रजा किंवा ऑफ मागा, महिनाभर आधी, आणि मंजूर झाल्यावरच शब्द द्या. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. पर्वणीच्या आसपास घरी यायचं असेल तर दोन्ही बाजूंना एकेक दिवस जादा धरा, रस्ते आणि गाड्यांचं काय होईल ते नाशिककराला सांगायला नको.

एक चांगली बातमीही आहे. साप्ताहिक विश्रांती आधी ३६ तास होती, १ जुलै २०२५ पासून ती ४८ तास झाली, त्यात दोन रात्री धरून. मुंबईच्या पायलटला हा बारा तासांचा फरक. आपल्याला तो जाण्यायेण्याचा वेळ आहे: पूर्वी घरी टेकलो न टेकलो तोच निघायचो, आता मधला एक दिवस खरंच हातात पडतो.

पैसे आणि लँडिंग

बहुतेक कंपन्यांत ठरावीक तासांचा पगार पक्का असतो आणि जादा उडालात तर वर पैसे. स्टँडबायला न उचललेल्या दिवसाचे जादा पैसे नाहीत. तेव्हा कर्जाचा हप्ता पक्क्या पगारावर बसवा, मित्राच्या चांगल्या महिन्यावर नाही.

स्टँडबाय लागोपाठ आले आणि फोन आलेच नाहीत तर आणखी एक तारीख सांभाळा: ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत, नाहीतर आधी सिम्युलेटर. डायरीत स्वतः लिहून ठेवा. मुदत जवळ आली की रोस्टरवाल्यांना आपणहून मेल करा, आणि कॅप्टनला आधीच सांगा म्हणजे तो लँडिंग तुम्हाला देईल.

स्टँडबाय संपला, फोन आला नाही

लगेच निघू नका. आधी ॲप उघडून रोस्टर रिफ्रेश करा. शेवटच्या तासात पुढच्या दिवसाची ड्यूटी बदलून टाकायची त्यांना खोड आहे. मी एकदा आमण्यापर्यंत गेल्यावर बघितलं आणि पुढच्या एक्झिटवरून परत फिरलो.

रात्रीचा स्टँडबाय असेल, फोन आलेला असो वा नसो, तरी पहाटे गाडी घेऊन नाशिकची वाट धरायची नाही. रात्रभर कान टवकारून पडलेला माणूस जागाच असतो, त्याला स्वतःला तसं वाटत नाही एवढंच. बोगद्यातला एकसारखा दिवा, सरळ रस्ता, ताशी शंभर, आणि शेजारी बोलायला कोणी नाही. खोलीवरच झोपा, दहा-अकराला उठा, अंघोळ करा, मग निघा. वाटेत डोळा जड झालाच तर रस्त्यात कुठेही गाडी उभी करू नका. इगतपुरीला बाहेर पडा, चहा घ्या आणि सीट मागे करून वीस मिनिटं पडा. त्या वेळी फोन सायलेंटवर ठेवला तरी चालतो.